पटावरची नावं

पहाटे 5.30

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिले आठ-दहा दिवस मला गजर लावावा लागत नाही. ट्रॅक्टरच जागं करतात. एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, आणि खड्ड्यातून जाताना त्या जोडाचा जो खणका बसतो तो थेट उशाशी ऐकू येतो. आत काय भरलंय ते अंधारातही ओळखू येतं: पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी, बाजरीचं पोतं, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. मी खिडकीत उभी राहून त्यातली लहान डोकी मोजते. इतक्या वर्षांत ती सवय काही सुटली नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. तालुक्याचं ठिकाण नाही, पण आठवड्याचा बाजार भरतो, म्हणून आसपासच्या वाड्या-तांड्यांचा सगळा राबता इथंच. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी झाली की पुढचे पाच महिने हाताला काम नाही. मग नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतात, मुकादमाकडून उचल घेतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात. परततात मार्च-एप्रिलमध्ये. दहावीची बोर्डाची परीक्षाही त्याच दिवसांत येते. माझी नोकरी या एकाच पेचात गेली.

मी इथल्या जिल्हा परिषद प्रशालेत गणित शिकवते. दहावी ‘ब’ माझा वर्ग.

सकाळी 8.00

दहावीचा जादा तास. गावातली मुलं तेवढी येतात, वाड्यांवरच्या मुलांना या वेळेला गाडी नाही. काल वर्गसमीकरणं अडली होती, आज सुटली. एवढंच.

सकाळी 9.50

फाटकाशी निळी बस थांबते. मानव विकास कार्यक्रमाची ही गाडी फक्त शाळेच्या मुलींसाठी आहे, तिकीट लागत नाही. ती सुरू होण्याआधी लांबच्या वाडीवरून आठवीच्या पुढे आलेल्या मुली बोटांवर मोजता यायच्या. आता आमच्या पटावर मुलगे आणि मुली जवळपास सारख्या आहेत. मुलींचं शिक्षण म्हणून पुष्कळ बोललं जातं. मला विचाराल तर आमच्या गावात त्याचा अर्थ सकाळी वेळेवर येणारी आणि संध्याकाळी न चुकता नेऊन सोडणारी गाडी असा आहे.

कंडक्टरभाऊ खाली उतरले आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, “मॅडम, तांड्याच्या थांब्यावर आज तिघीच होत्या.”

शुक्रवारी सात होत्या. आमची पहिली हजेरी अशी बसच्या पायरीवर होते. कंडक्टरभाऊंच्या नोकरीत हे काम कुठंही लिहिलेलं नाही. पण कोणती पोरगी आज थांब्यावर आली नाही, तिच्या घराला कुलूप दिसलं की धूर दिसला, हे ते रोज सांगतात. धूर दिसला असेल तर अजून वेळ आहे.

सकाळी 10.20

परिपाठ. आमची मुख्य इमारत दगडी, निजामाच्या वेळची. मराठवाड्यात सरकारी हायस्कुलं हैदराबाद संस्थानापासूनची आहेत. 1962 मध्ये जिल्हा परिषदा झाल्या तेव्हा ती त्यांच्याकडे आली, आणि ‘प्रशाला’ हा शब्द आमच्याकडे अजून घट्ट रुळलेला आहे. तिकडे सातारा-सांगलीकडे माध्यमिक शाळा बहुतेक संस्थांच्या. आमच्याकडे मात्र गरिबाच्या पोराला जिल्हा परिषदेचीच शाळा दहावीपर्यंत नेते. म्हणून ती टिकली पाहिजे, असं मी जिथं संधी मिळेल तिथं सांगते.

राष्ट्रगीत, 2023 पासून त्याच्या जोडीला राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, मग सुविचार आणि दिनविशेष. रांगा सुट्टीच्या आधीपेक्षा आखूड झाल्यात. मुलांना दोन हातांचं अंतर ठेवून उभं केलं तर मैदान भरलेलं दिसतं. पीटीचे सर हल्ली तसंच करतात. आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही.

सकाळी 10.45

हजेरी. या दहा मिनिटांसाठी मी तास पाच मिनिटं लांबवते, पण घाई करत नाही.

पटावर 43. आज हजर 29. शाळेची रीत अशी की हजर मुलाच्या चौकटीत रेघ आणि गैरहजर असेल त्याच्या चौकटीत फुली. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस मी फुली मारत नाही. पेन्सिलीनं बारीक ठिपका देते आणि कारण कळलं की मग शाईनं भरते. फुली मारली की माणसाच्या डोक्यातून विषय संपतो. ठिपका दिसला की शोध सुरू राहतो.

आजचे चौदा ठिपके. त्यांतले पाच जण गेले, हे नक्की. त्यांच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. तिघं कापूस वेचायला थांबलेत, ते या आठवड्यात येतील. एकाला ताप आहे. एकाची आई बाळंत झाली आहे. तिघांचा पत्ता नाही. आणि एक, हजेरी क्रमांक 31.

तिला मी नावानंच हाक मारते, पण इथं नाव लिहीत नाही. तिसऱ्या बाकावर खिडकीकडेला बसते. सहामाहीत बीजगणितात 40 पैकी 34 मिळवलेली मुलगी. एक पायरी गाळली तर पुढचं लिहीत नाही, थांबून मागं जाते. अशी मुलं गणितात पुढं जातात.

“मॅडम, तिचं आज रात्री हाय,” शेजारची म्हणाली. “टरक सांगितलाय नऊला.”

बोर्डाचा फॉर्म भरायची मुदत चालू आहे. फॉर्म भरला, फी भरली, तरी नियमित विद्यार्थ्याला 75 टक्के हजेरी लागते. नोव्हेंबरला गेलेली मुलगी मार्चला परत येऊन परीक्षेला बसू शकत नाही. मग पुढच्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं. बाहेरून बसणाऱ्या मुलग्यांची उदाहरणं माझ्याकडे आहेत. मुलींची फार थोडी. तोवर त्यांचं लग्न झालेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा 2019-21 चा आकडा आहे: विशीतल्या, म्हणजे 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात शंभराला 22, आमच्या बीड जिल्ह्यात जवळपास 44.

पाचवीपासून आठवीपर्यंतच्या मुलांसाठी काहीतरी हाताशी आहे. आई-बाप तोडीला गेले तर हंगामी वसतिगृह उघडता येतं, दुपारी पोषण आहार आहे, शिक्षण हक्काचा कायदा आहे. पण तो कायदा 6 ते 14 वयाचा. चौदा संपली की पोर नववीत जातं, आणि एकेक आधार निघत जातो. नेमका तोच काळ, जेव्हा त्याच्या अंगात कोयता पेलायची ताकद येते.

दुपारी 12.00

मोकळा तास. कार्यालयात चार माणसं बाकावर, दोन दारात. आमच्या लिपिकभाऊंसमोर 2023 च्या दिवाळीपासून ही गर्दी कमी झालेली नाही. कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा सगळ्या गावाला कळलं की आजोबा-पणजोबांच्या जातीचा लेखी पुरावा कुठं असेल तर तो शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. कुणाला 1967 च्या आधीची नोंद हवी, तर वंजारी-बंजारा मंडळींना 1961 च्या आधीची.

सगळ्यात जुनी रजिस्टरं उर्दूत आहेत. ती वाचायला गावातले एक निवृत्त उर्दू शिक्षक येतात. वय ऐंशीच्या पुढं. चष्मा कपाळावर सरकवून, पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन ते वाचतात, आणि आधी सनावळी सांगतात. ती फसली असते, तिचं इसवी सन करायचं तर त्यात 590 मिळवायचे. ते करून मग नाव, बापाचं नाव, गाव, धंदा. आज एका म्हाताऱ्या बाबांना त्यांच्या वडिलांचं नाव सापडलं. तिसरीत घातलं होतं, चौथीत काढलं. शेरा होता: ‘गैरहाजिर’.

“गेले आसतील कामाला,” बाबा म्हणाले, आणि त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, उर्दूही नाही आणि मराठीही नाही.

दुपारी 1.10

मधली सुट्टी. सहावी ते आठवीच्या मुलाला माणशी 150 ग्रॅम तांदूळ, पाचवीच्याला 100. मावशी सकाळी नऊपासून चुलीशी असतात. महिन्याच्या तुटपुंज्या मानधनावर एवढ्या लेकरांचा स्वयंपाक करणं हे हिशेबात बसणारं काम नाही. त्या करतात, कारण त्यांची दोन मुलं याच शाळेतून शिकून गेली आणि धाकटी आता नववीत आहे.

त्यांना 31 नंबरची गोष्ट आधीच कळली होती. पातेल्यात उलथनं फिरवत म्हणाल्या, “बाई, पोरीची आजी हाय की गावात. पर म्हातारीला दिसत न्हाई. बाप म्हनतो, तरनी पोर आंधळीच्या भरवशावर कशी ठिवू.”

“त्यांचंही चुकत नाही, मावशी.”

“चुकत न्हाईच. मी म्हनते, रातच्याला दोघी आजी-नाती माझ्याकडं झोपायला येऊ द्या. माझी एक हाय, तिच्याजवळ ही. एक भाकरी जास्तीची थापायची, त्याचं काय येवढं.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. संध्याकाळी जसंच्या तसं सांगायचं होतं.

दुपारी 1.45

आजचा तास मी वर्गाबाहेर ठेवला होता. त्रिकोणमितीचं ‘उंची व अंतर’ फळ्यावर शिकवलं की मुलांना tan म्हणजे पाठ करायचा तक्ता वाटतो. नोव्हेंबरच्या मध्यावर आमच्या गावात दुपारी दोनला पाच-सात मिनिटं कमी असताना सूर्य बरोबर 45 अंशांवर येतो. त्या क्षणी कुठल्याही उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी होते, कारण 45 अंशांचा टॅन्जंट 1. वर्षातून एकदाच मी हा तास घेते आणि त्याची वाट बघते.

ध्वजस्तंभाजवळ एक मीटरची काठी रोवली. ओळंबा लावून सरळ केली. ओळंबा आमच्या शिपाईमामांचा. मामा शाळेत लागायच्या आधी गवंडीकाम करायचे. सावली ईशान्येकडे पसरत होती. एक मुलगी काठीच्या सावलीच्या टोकाशी मोजपट्टी धरून बसली आणि दर मिनिटाला आकडा सांगायला लागली. 94. 95. 95 आणि थोडं. मैदानात एवढी शांतता मी परीक्षेतसुद्धा ऐकलेली नाही. आठवीची रिकामी मुलंही येऊन उभी राहिली. त्यातल्या एकाला मी टेपचं एक टोक ध्वजस्तंभाच्या बुडाशी धरायला दिलं.

“शंभर!”

दुसऱ्या टोकाचा मुलगा सावलीच्या शेंड्याकडे पळाला. टेप ताणली. सहा मीटर वीस.

मग मी त्यांना मुख्याध्यापकांच्या कपाटातली जडसंग्रह नोंदवही दाखवली. ध्वजस्तंभ, लोखंडी, 20 फूट. चौथऱ्यापासून मोजलं तर सहा मीटर दहा होतात. दहा सेंटिमीटरचा फरक कुठून आला, यावर घंटा होईपर्यंत वाद चालला. कुणी म्हणालं सावलीचा शेंडा पुसट असतो, कुणी म्हणालं काठी जरा कललेली होती, कुणी म्हणालं नोंदवहीच चुकीची असेल. मी कुणालाच बरोबर म्हटलं नाही.

टेप गुंडाळताना तो आठवीतला मुलगा जवळ आला. “मॅडम, सावली रोज याच टायमाला येवढी व्हती का?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला दहावीच्या मुलांनी विचारला नव्हता. मी त्याला सांगितलं, नाही. डिसेंबरच्या अखेरीला ती दीडच्या सुमाराला होईल, आणि मार्चात तीन वाजून जातील. का, ते पुढच्या आठवड्यात सांगते, वर्गात ये.

तो हो म्हणाला.

दुपारी 3.30

इंग्रजीचं पद रिकामं आहे म्हणून दोन तास आम्ही वाटून घेतो. शेवटचा तास ऑनलाइन माहिती भरण्यात गेला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी 5.30

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक सर आणि मी 31 च्या घरी गेलो. सरांची मोटरसायकल वाडीच्या खालीच ठेवावी लागते. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं अंगण. अंगणात बांधाबांध चालली होती. ती दोरीनं गोधड्या बांधत होती. आम्हाला बघून उठली, आत जाऊन पाणी घेऊन आली आणि परत दोरीला लागली. तिच्या दप्तराची पिशवी खुंटीला होती. बाकीच्या खुंट्या रिकाम्या.

तिचे वडील वाईट माणूस नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत मी अशा बापांवर चिडायचे, कायदा सांगायचे. एकदा एका बापानं शांतपणे विचारलं होतं, मॅडम, काही झालं तर रात्रीच्या दोन वाजता तुमचा कायदा येईल का? तेव्हापासून मी आधी त्यांचा घोर ऐकून घेते.

सरांनी गुणपत्रक दाखवलं. मी मावशींचा निरोप सांगितला, जसाच्या तसा. कंडक्टरभाऊ रोज संध्याकाळी तिला थांब्यावर आजीच्या हाती देतील, हेही सांगितलं. वडील जमिनीकडे बघत ऐकत होते.

“बाई, सोय झाली ते खरं हाय. पर धाकटं दोन सालाचं हाय. ही आली तर कोपीवर त्याला धरील. न्हाई आली तर हिच्या मायला लेकरू फडात न्यावं लागंल. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, का लेकरू बघायचं?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. सरांकडेही नाही, माझ्याकडेही नाही. मावशींनी रात्रीची सोय केली, बसनं वाटेची केली. त्या लहानग्याची सोय कुणीच केलेली नव्हती. साखर शाळा, पाळणाघर असे शब्द मी सभांमध्ये खूप ऐकले आहेत. त्या अंगणात ते मला उच्चारता आले नाहीत.

आई चुलीपाशी होती. चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवत, आमच्याकडे न बघता म्हणाली, “ऱ्हाऊ द्या तिला. मी बघते.”

वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी मुकादमाला फोन लावला आणि एक माणूस कमी असल्याचं सांगितलं. मुलीनं गोधडीची गाठ मारली, उठली, आणि आईच्या हातातून लहानग्याला घेतलं.

परतताना उतारावर सर एकदाच बोलले. “आपण आईवर टाकलं ते.” मी म्हटलं, हो.

रात्री 8.45

दिवाळीनंतरच्या दिवसांत रात्री जेवण झालं की मी नाक्यावर जाते. तिथूनच सगळ्या गाड्या सुटतात. सोबत शिक्षण हमी कार्डांचा गठ्ठा असतो. आठवीपर्यंतचं पोर आई-बापाबरोबर गेलंच तर हे कार्ड दाखवून कारखान्याच्या जवळच्या शाळेत त्याला बसता यावं, अशी ती सोय आहे. पुष्कळदा कार्ड पेटीच्या तळाशी जातं. काही पोरं खरंच शाळेत जाऊन बसतात. मार्चमध्ये तिकडच्या गुरुजींच्या सहीचं पान घेऊन येतात. त्या पानांची मी वेगळी फाइल केली आहे.

31 नंबर आजीचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. मावशी आणि त्यांची मुलगी शेजारी. ट्रकमध्ये वर तिची आई, मांडीवर लहानगा झोपलेला. कुणीही रडत नव्हतं. आजी विचारत होती, “बसली का गं ती? कुठं बसली?” आणि नात सांगत होती, “म्होरं, केबिनच्या मागं. वारं न्हाई लागायचं.”

मी कार्डं घेऊन पुढच्या ट्रककडे गेले. टॉर्चचा उजेड वर टाकला तर पोत्यांच्या मागं दुपारचा तो आठवीतला मुलगा.

त्याचं नाव माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. तो आजीजवळ राहणार होता, हंगामी वसतिगृहाच्या यादीत होता. त्याचा बाप खाली उतरला आणि सांगू लागला. आजी आज सांजच्याला ओट्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं, तिला बीडला नेलंय, मागं कुणी राहिलं नाही. “बाई, ठिवायचाच होता वो.”

मी ट्रकच्या फळीवर कार्ड ठेवून भरायला घेतलं. नाव, इयत्ता, शाळेचा संकेतांक, माझा फोन नंबर. मुलगा वरून वाकून बघत होता. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, फळी थरथरायला लागली, अक्षर हललं.

“मॅडम, दीड म्हनलात ना? डिसेंबरमधी?”

“हो. एकवीस-बावीस तारखेला बघ. एक मीटरची काठी, आणि सरळ रोव.”

“तिकडं बी दीडच?”

तिकडे म्हणजे कुठं, हे मी त्याच्या बापाला विचारलं. कोल्हापूरकडं, म्हणाला. कोल्हापूर आमच्यापेक्षा दक्षिणेला आहे आणि पश्चिमेलाही, म्हणजे वेळ थोडी उशिरा येणार, पण किती, ते मला तिथं उभ्या उभ्या सांगता येईना.

“थोडं पुढं-मागं होईल,” मी म्हटलं. “तू मोज आणि मला फोन कर.”

कार्डाच्या मागच्या बाजूला मी 21 डिसेंबर लिहिलं आणि वर दिलं. त्यानं ते पेटीत टाकलं नाही, शर्टाच्या खिशात घातलं.